टर्की, काठी आणि डेअरीवाले आजोबा

कुडाळच्या मावशीचा फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो. "गो, टर्की तुमच्याकडे दुकानात गावता मां? मगे रानात कित्याक जातंस?" मावशी हे वाचते (म्हणजे भाची वाचून दाखवते), आणि बाकीचे नातेवाईक जरा दबक्या आवाजात हेच विचारतात, तेव्हा म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

दुकानातली टर्की आणि रानातली टर्की यांच्यात नावापलीकडे फारसं काही सारखं नाही. थँक्सगिव्हिंगला भट्टीत जाते ती पांढरी, छाती इतकी वाढवलेली की बिचारीला उडताच येत नाही. रानातली सडसडीत, काळपट, उन्हात आली की तांब्याच्या भांड्यासारखी चमकणारी. ताशी पन्नास मैलांच्या आसपास उडते, रात्री उंच झाडावर झोपते, आणि तिची नजर म्हणजे विचारू नका. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ मागचंही दिसतं, आणि रंग आपल्यापेक्षा चांगले कळतात. नाक मात्र कच्चं. इथले जुने शिकारी म्हणतात, हिला वासही आला असता तर आजवर कुणाच्या ताटात पडली नसती.

आम्ही २००९ पासून विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत राहतो. नवरा इथल्या दूध संघाच्या हिशेबखात्यात आहे. हिमयुगात बाकीच्या राज्यावरून बर्फाचा रोलर फिरला, हा भाग तेवढा सुटला. त्यामुळे इथे उभे डोंगर, अरुंद दऱ्या, वळणावळणाचे ओढे. पहिल्यांदा आलो तेव्हा मला आंबोली घाटाखालचा भाग आठवला होता, फक्त लाल माती नाही आणि समुद्र हजार मैलांवर. आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारं जोडपं राहतं. त्यांनी आयुष्यभर गाई पाळल्या, म्हणून मुलीने लहानपणीच त्यांचं नाव 'डेअरीवाले आजोबा' ठेवलं. शिकार मला त्यांनी शिकवली. बंदूक हातात द्यायच्या आधी सरकारी कोर्स करून ये म्हणाले. इथे १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. आजोबा १९४६ चे, त्यांना माफ. "आपल्या दोघांत सर्टिफिकेट फक्त तुझ्याकडे आहे," हा त्यांचा आवडता विनोद.

आजोबांच्या लहानपणी या डोंगरांत एकही टर्की नव्हती. ऐकून मला खरं वाटलं नव्हतं, कारण आता पाव आणायला निघालं तरी रस्त्यात दहा-बारा आडव्या येतात. पण जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी सगळ्या संपल्या होत्या. राज्यातली शेवटची रानटर्की १८८१ मध्ये डार्लिंग्टन गावाजवळ दिसल्याची नोंद आहे. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. मग १९७६ मध्ये मिसूरी राज्यातून रानात पकडलेल्या २९ टर्की आणून आमच्याच काउंटीत सोडल्या. बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राउस दिले, आपल्या तितराच्या जातीचे पक्षी. दोन राज्य सरकारांमधली ही अदलाबदल मला फार आवडते. आपल्याकडे शेजारणी वाटीभर डाळीच्या बदल्यात वाटीभर साखर देतात, तशी.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी आजोबा पहाटे दूध काढत होते. यंत्राच्या घरघरीत काहीतरी वेगळं कानावर आलं म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं. वरच्या रानातून नर ओरडत होता. तो आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, वयाच्या तिशीत. १९८३ मध्ये राज्यात वसंतातली शिकार सुरू झाली, तेव्हापासून त्यांचा एकही वसंत चुकला नाही.

आणि २०२४ च्या शरदात ते म्हणाले, आता पुरे.

कारण गुडघे नव्हते, डोळेही नव्हते. कान. साठ वर्षं ट्रॅक्टर, दूध काढायची यंत्रं आणि बंदुकीचे बार. कानातलं यंत्र आहे, पण उघड्यावर वारा सुटला की त्यात नुसती घोंघों. टर्कीची शिकार मुळात कानांची शिकार आहे. नर ओरडतो, तो कुठे आहे ते आवाजावरून कळतं, तो जवळ येतोय का लांब जातोय तेही आवाजावरून. दुसरा माणूस रानात आला तर तोही आधी ऐकूच येतो. आजोबा अगदी कोरडेपणाने म्हणाले, "ऐकू न येणारा माणूस बंदूक घेऊन रानात बसला, तर तो शिकारी नाही, अपघात आहे."

यात रडण्यासारखं काही नव्हतं, ते बरोबरच बोलत होते. पण मला ते पटेना. मी म्हटलं, "मी ऐकते, तुम्ही मारा. आत बंदूक एकच." ते म्हणाले विचार करतो. वसंताच्या परवान्याच्या सोडतीचा अर्ज १० डिसेंबरपर्यंत भरायचा असतो. आठ तारखेला संध्याकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "भर. तिसरा हप्ता मागू."

हे हप्त्याचं प्रकरण जरा सांगते. इथे एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून सात-सात दिवसांचे सहा हप्ते असतात आणि तुम्हाला त्यातला एक मिळतो. नवशिक्यांना पहिला हवा असतो, कारण तेव्हा नरांना कुणी त्रास दिलेला नसतो. पण पहिल्या हप्त्यात नराभोवती पाच-सहा माद्या असतात, तो तुमच्या खोट्या हाकेला कशाला येईल? शिवाय पहाटे बर्फसुद्धा असू शकतं. शेवटी शेवटी पानं इतकी दाटतात की काही दिसत नाही आणि डास फोडून काढतात. मधल्या काळात माद्या अंड्यांवर बसायला लागतात आणि नर सकाळी नऊ-दहाला एकटा पडून भटकतो. आजोबांसाठी तिसरा हप्ता अगदी योग्य होता, २०२५ मध्ये ३० एप्रिल ते ६ मे. जानेवारीच्या शेवटी दोघांनाही तोच मिळाला.

मग खरी तयारी. पुस्तकांत सापडणार नाही ती.

फेब्रुवारीत बाहेर कमरेएवढा बर्फ असताना आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात स्पर्शाची भाषा तयार केली. तंबूवजा आडोशात आम्ही शेजारी शेजारी बसणार, मी डावीकडे. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. तेव्हा त्यांचा डावा गुडघा म्हणजे नकाशा. गुडघ्याच्या डाव्या कडेला बोट दाबलं तर आवाज डावीकडून, मध्ये दाबलं तर समोरून, उजव्या कडेला तर उजवीकडून. एकदा दाबलं तर लांब, दोनदा म्हणजे शेताच्या कडेला. अख्खा तळवा ठेवला की पुतळा व्हायचं, श्वाससुद्धा बेताने. आजोबा डोळे मिटून बसायचे, मी दाबायचे, ते बोटाने दिशा दाखवायचे. आजी ओट्यापाशी उभं राहून हसायच्या. "साठ वर्षांच्या संसारात माझी एक खूण कळली नाही यांना," म्हणायच्या. पण मार्चपर्यंत त्यांची एकही दिशा चुकत नव्हती.

मार्चमध्ये बंदूक. छऱ्याच्या बंदुकीचं एक असतं, नेम धरला की झालं असं नाही. एका काडतुसातून शेकडो छर्रे निघतात आणि लांब जाईल तसे पसरतात. टर्कीचं अंग जाड पिसांचं आणि छाती मांसल, अंगावर मारलं तर ती जखमी होऊन उडून जाते आणि कुठेतरी दोन दिवस मरत पडते. मारायचं तर डोकं आणि मान, दुसरं काही नाही. म्हणून मोठ्या कागदावर १० इंचांचं वर्तुळ काढायचं, वेगवेगळ्या अंतरावरून बार काढायचा आणि वर्तुळात किती भोकं पडली ते मोजायचं. शंभराच्या वर हवीत असा साधा हिशेब आहे. आजोबांची जुनी १२ बोअरची बंदूक खांद्याला फार धक्का देते, म्हणून आम्ही माझी २० ची घेतली. हल्ली टंगस्टनचे छर्रे मिळतात, शिशापेक्षा कितीतरी जड, लांबवर दाट जातात. पण पाच काडतुसांच्या डबीची किंमत ऐकून आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. शिशाचेच घेतले. ३० यार्डांवर ११२ भोकं. ४० यार्डांवर ६१.

आजोबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि म्हणाले, "तीस. एकतीसही नाही."

त्यांनी लगेच एक काठी तासायला घेतली. आडोशापासून बरोबर तीस यार्डांवर ती रोवायची. काठीच्या पलीकडे जे काही असेल ते फक्त बघायचं.

हे ऐकताना मला माझे आजो आठवले. कुडाळजवळच्या आमच्या घरात आजोंची शेती संरक्षणाची बंदूक होती, ठासणीची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. आजोंचं अर्धं आयुष्य त्या बंदुकीच्या कागदपत्रांत गेलं असं आजी म्हणायची. १९७२ च्या कायद्यानंतर शिमग्यातली पारध कागदावर बंद झाली, आणि आजोंनी नंतर ती बंदूक भातात शिरलेल्या डुकरांना घाबरवायला हवेत उडवण्यापलीकडे वापरलेली मी पाहिली नाही. पण घरात ती कायम भिंतीकडे तोंड करून असायची. रिकामी असली तरी. आम्हा पोरांपैकी कुणाकडे चुकून तिचं तोंड वळलं की आजोंचा आवाज असा चढायचा की गोठ्यातल्या गाई उठायच्या. दोन माणसं, दोन खंड, एकमेकांची भाषा ठाऊक नाही. असो.

एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी मी टेहळणीला जायचे. दुर्बीण, थर्मास, आणि गाडीतच बसून राहायचं. सूर्य मावळला की टर्की झाडावर चढतात, म्हणजे उडून जातात, आणि फांद्यांवर त्यांच्या पंखांची फडफड चांगली लांबून ऐकू येते. कुठल्या झाडांवर झोपतात ते कळलं की पहाटेचं अर्धं काम झालं. बाकी खुणा जमिनीवर. नराची विष्ठा लांबट, टोकाला इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, मादीची गोळा झालेली. मला हे माहीत आहे याचा आमच्या घरात कुणालाच अभिमान नाही :) नर फुगून चालतो तेव्हा पंखांची टोकं धुळीत घासतात आणि पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा उमटतात. तशा रेघा मला एका आमिश शेतकऱ्याच्या शेताच्या कडेला सापडल्या. त्याच्या घरात फोन नाही, तेव्हा परवानगीसाठी समक्ष गेले. तो खोगीर दुरुस्त करत होता. आजोबांचं नाव सांगितलं तर म्हणाला, त्यांना विचारायची गरज नाही, पण तू विचारलंस ते चांगलं केलंस.

आवाज काढणं हा या शिकारीतला सगळ्यात मजेचा भाग आणि सगळ्यात जास्त लोक इथेच वाया जातात. लाकडी डबीचं झाकण खडू लावून घासलं की मादीची हाक निघते. पाटीच्या गोल तुकड्यावर काडी घासूनही निघते. तोंडात धरायचा पडदाही असतो, त्याने मला ओकारी येते. पण गंमत अशी की निसर्गात नर जागेवर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण मादी होऊन त्याला म्हणतो, तूच ये. म्हणजे त्याच्या जगाचा नियम आपण उलटा करतोय. सारखी हाक मारत राहिलात तर तो फांदीवर किंवा टेकाडावर ऐटीत उभा राहून वाट बघतो, की ही एवढी आतुर आहे तर येईलच. दोन हाका मारायच्या आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. मग त्याला प्रश्न पडतो. ही वीस मिनिटं गप्प बसायला मला चार वर्षं लागली. (नवरा म्हणतो, घरी अजून जमलेलं नाही.)

कपड्यांबद्दल एकच सांगते. लाल, पांढरा, निळा यांतला कुठलाही रंग अंगावर नको, अगदी मोज्याची कडसुद्धा. फुललेल्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपातून तेवढंच दिसलं तर दुसरा शिकारी काय समजेल? मेच्या सुरुवातीला लोक मोरेल नावाची अळंबी शोधायला याच रानात फिरतात, तेव्हा समोर काय आहे इतकंच नाही, त्याच्या मागे काय आहे तेही दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. आणि गोचिडी. हरणांवरच्या बारक्या गोचिडीतून इथे लाइम नावाचा आजार होतो. कपड्यांवर परमेथ्रिन आधी फवारून वाळवायचं, घरी आल्यावर आंघोळ आणि केसांतून फणी. आईने लहानपणी उवा शोधल्या तसं मुलगी माझं डोकं शोधते.

३० एप्रिल. पहाटे चारला निघालो, साडेचारला आडोशात. पट्टेरी घुबड ओरडलं आणि लगेच ओकच्या झाडांतून नराने उत्तर दिलं. गुडघा, मध्ये, एकदा. आजोबांनी मान हलवली. सातच्या सुमाराला तो आला, पिसारा फुलवून, थेट समोर, आणि काठीच्या दहा पावलं पलीकडे उभा राहिला. वीस मिनिटं. फिरला, फुगला, पुन्हा फिरला. मी श्वास धरून बसले होते. आजोबांनी बंदूक तिवईवरून उचललीसुद्धा नाही. शेवटी तो उताराने निघून गेला तेव्हा ते कुजबुजले, "काय सुंदर होता!" आणि थर्मास उघडला.

दुसऱ्या दिवशी वारा. काही ऐकू येईना, माझ्याही कानांना. आठला घरी.

शुक्रवारी, २ मेला, वारा पडला होता. सव्वापाचला डावीकडे लांब एक नर ओरडला, मी गुडघ्याची डावी कडे दाबली. तो ओरडत राहिला आणि जागचा हलला नाही. मी दोन हाका मारल्या आणि गप्प बसले. नऊ वाजले. माझं सगळं लक्ष डावीकडे. आणि एकाएकी आजोबांचा तळवा माझ्या हातावर येऊन बसला, सपाट, घट्ट.

ती खूण माझी होती. मी त्यांना द्यायची होती.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. ते उजवीकडे बघत होते, फक्त डोळ्यांनी. मग मला कळलं. नर फुगतो तेव्हा ओरडण्याखेरीज त्याच्या छातीतून एक खोल घुमारा निघतो, लांबवर ट्रक सुरू असावा तसा, ऐकण्यापेक्षा जाणवणारा. वय कानांतून आधी बारीक, चिरके आवाज काढून घेतं, हे जाडे आवाज मागे राहतात. मी ओरडणारा नर ऐकत बसले होते आणि न ओरडणारा त्यांना आधी समजला.

तो उजव्या कडेने आला, काठीच्या बराच आत. बावीस-तेवीस यार्ड. छातीवरची दाढी जवळजवळ गवताला लागत होती. पण बरोबर मागे एक मादी चरत होती, तिचं डोकं त्याच्या डोक्यामागे. आजोबांनी दस्ता गालाला लावला आणि थांबले. मादीने दोन पावलं टाकली, थांबली, पुन्हा मागे आली. माझी मांडी थरथरायला लागली होती, त्यांचा खांदा नाही. मादी उताराला लागली. त्याने मान वर केली.

बार झाल्यावर तो जागीच पडला. पंख मात्र बराच वेळ फडफडत राहतात, ते बघावं लागतं. मावशी, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. आजोबा जाऊन शेजारी गुडघ्यावर बसले आणि फडफड थांबेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिले. मी बंदूक रिकामी केली. काठीपासून किती अलीकडे ते पावलांनी मोजलं: आठ.

एकवीस पौंड, दहा इंच दाढी, पायामागचे काटे इंचापेक्षा थोडे मोठे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते, ती मी रानातूनच फोनवर केली. पिसं आम्ही त्यांच्या जुन्या गोठ्यात काढली. छातीचं मांस आजींनी साध्या पिठात घोळवून तळलं, आणि तंगड्या माझ्याकडे आल्या. रानातल्या टर्कीच्या तंगड्यांत शिरा हाडासारख्या कडक असतात, लोक बऱ्याचदा फेकून देतात. मी मालवणी मसाला, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, आणि मंद आचेवर पाच तास ठेवल्या. शिरा चिमट्याने एकेक ओढून काढल्या. आजोबांनी वड्यांबरोबर दोनदा रस्सा घेतला. घाम पुसत होते, पण घेतला.

पंखांची तीन हाडं त्यांनी नेली. उकळून, साफ करून, एकात एक बसवून त्याची हाक मारायची नळी करतात, फार जुनी पद्धत आहे. ती फुंकायची नसते, ओठांनी हवा आत ओढून वाजवायची असते. जूनमध्ये त्यांनी ती मुलीला दिली. तिला अजून त्यातून एकच आवाज काढता येतो, तो ऐकून टर्की येत नाही, पण शेजारचा कुत्रा न चुकता कुंपणाशी येतो.